गावचं घर उघडं ठेवायला एकानं थांबायचंच का?

पडवीतला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहितोय पहिल्यांदाच.

राजापूर तालुक्यात खाडीच्या वर आमचं घर. चिऱ्याचं, कौलारू. मागे कातळावर हापूसची कलमं, थोडे काजू. आई गेली तेव्हा दादा डोंबिवलीत, ताई लग्न होऊन पनवेलला आणि मी डिप्लोमा करून रत्नागिरीत नोकरीला लागलेलो. आबांना, म्हणजे वडिलांना, एकटं ठेवणं शक्य नव्हतं. डोंबिवलीला नेलं की ते चार दिवसांत आजारी पडतात, हे आधी बघून झालेलं. बाराव्याच्या रात्री दादा म्हणाला, "तू दोन वर्षं सांभाळ, माझं कर्ज फिटलं की मी येतो." मी हो म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नाही.

त्याला आता दहाच्या वर वर्षं झाली. दादाचं कर्ज फिटलं, त्यानं दुसरं काढलं, मोठा फ्लॅट घेतला. चांगलं झालं. पण आता माझं लग्न ठरायच्या बेतात आहे. (मधल्या काळात 'मुलगा गावात राहतो' म्हणून किती स्थळं परत गेली ते लिहीत नाही. कोकणातल्या मंडळींना ठाऊक आहे. विरारला एक खोली असती तर चार मुलांचा बाप झालो असतो.) ती पुण्यात नोकरी करते. गावाला कायमची येणार नाही हे तिनं पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितलं. मलाही पुण्यात काम मिळतंय, होय-नाही कळवायला महिनाभर आहे.

मी गेलो की घर बंद. आबा ७८ वर्षांचे. दादाला फोन केला तर म्हणाला, "तुझ्यावर विश्वास टाकून तर मी इकडे निश्चिंत होतो." हे वाक्य डोक्यातून जात नाही.

घरच्यांसाठी, टाकलेल्या विश्वासासाठी स्वतःचं सुख किती वर्षं बाजूला ठेवायचं? ज्यांनी ठेवलंय त्यांनी सांगा. ज्यांनी नाही ठेवलं त्यांनीही.

आंबोळी

जा.

पाच_डझनी

किती कलमं? आणि पेट्या वाशीला पाठवता की थेट गिऱ्हाईक? (विषयांतर आहे, पण आंबा दिसला की राहवत नाही.)

देवगडचो झिलगो

माका एक सांग, दादान 'दोन वर्सा' म्हटल्यान तेवा खयची दोन ता इचारलंस काय?

आमच्या घरात पण असोच एक दादा असा. दर गणपतीक येता, रात्रभर भजनात बसता आणि जाताना सांगता, 'पुढच्या वर्साक कायमचो येतंय.' एका वर्साक आमी गाऱ्हाण्यातच घातलव, 'बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक कायमचो गावाक हाड रे म्हाराजा!' सगळी वरडली, 'व्हय म्हाराजा!' दादा सगळ्यांत मोठ्यान वरडलो. दुसऱ्या दिवशी तुतारी एक्स्प्रेसीन दादरला.

चाकरमानी_६१२

उलट बाजू मांडतो, चपला नंतर मारा.

मी तो दादा आहे. म्हणजे तुमचा नव्हे, पण तसाच. माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमच्या घरात पगार म्हणून जी गोष्ट होती ती संपली. गावाला मनीऑर्डर जायची, त्यावर आजी, दोन काका, एक आत्या जगायची. ती बंद झाल्यावर गावाहून पत्र आलं, 'पेरणीला पैसे नाहीत, पाठवा.' संपाबद्दल एक अक्षर नाही. वडिलांनी वॉचमनची नोकरी धरली आणि पुन्हा मनीऑर्डर सुरू केली. गिरणी सुटली आणि हातात काही नाही, अशा तोंडानं गावाला कसं जायचं, या लाजेपायी ते पुढची काही वर्षं गणपतीलासुद्धा गेले नाहीत.

मुंबईत पडलेल्या भावाचं सुख कुणी मोजत नाही. सकाळी ६:१२ ची लोकल, दीड खोलीत सहा माणसं आणि गावाला गेलं की 'तुम्ही काय बाबा, मजेत!' तुमचा दादा खोटं बोलला असेलच असं नाही. 'दोन वर्षांत येतो' असं म्हणताना त्याला ते खरंच वाटलं असणार. मलाही वाटायचं.

आंबोळी

चाकरमानी, सगळं मान्य. पण तुमच्या वडिलांनी गावाला पैसे पाठवले. ह्यांच्या दादानं काय पाठवलं ते धाग्यात कुठेच नाही.

पडवीतला

@आंबोळी, अगदी काहीच नाही असं नाही. कौलं काढून नवी घातली तेव्हा निम्मे पैसे त्याचे. आबांच्या मोतीबिंदूचा खर्च पूर्ण त्याचा. गणपतीचा सगळा त्याचा. बागेची फवारणी, खत, राखणीला नेपाळी ठेवतो त्याचा पगार, हे बागेतून निघतं. ज्या वर्षी निघत नाही त्या वर्षी माझ्यातून.

सुरंगी

मी ताईच्या बाजूनं लिहिते, कारण ह्या धाग्यात ताई एकदाच आली, 'पनवेलला' एवढंच.

आमच्याकडे वडील गेल्यावर भावानं हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला. 'तुझं माहेर काय कुठे जातंय? मी आहे ना.' आम्ही दोघी बहिणी. मोठीनं लगेच सही केली, मला थोडं जड गेलं. पण आईचा चेहरा बघितला आणि केली. माहेर तुटू नये, एवढाच हेतू. भाऊ वाईट नव्हता, आजही नाही. पुढे मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात आमच्या जमिनीचा तुकडा गेला, मोबदला आला. तो आम्हाला भावाच्या नव्या गाडीवरून कळला.

पैसे मागायचे नव्हतेच. पण त्यानं फोन करून 'एवढे आले बघ' म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यानंतर आम्ही गणपतीला जातो, जेवतो, आरती म्हणतो, आणि वहिनीनं नारळ, तांदूळ बांधून दिले की गाडीत बसेपर्यंत दोघी बहिणी एकमेकींकडे बघत नाही.

पडवीतला, तुमच्या ताईला विचारलंत का हे सगळं?

तलाठी_नव्हे_पण

थोडं कोरडं लिहितो, राग नसावा. जमीन आबांनी स्वतः घेतलेली की वडिलोपार्जित? वडिलोपार्जित असेल तर ताईचा हक्क भावांइतकाच आहे. महाराष्ट्रात हिंदू वारसा कायद्यातली ही दुरुस्ती १९९४ ची, देशभर २००५ ची, आणि त्यावर राहिलेला वाद सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या निकालात मिटवला: हक्क जन्मापासून, वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत. हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्तच लागतो, बोलण्यात किंवा घरच्या कागदावर सोडलेलं चालत नाही.

दुसरं, आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा सगळ्या मुलांना लागू आहे, जवळ राहणाऱ्या एकट्याला नाही. त्यावर भांडा असं म्हणत नाही. पण 'मी गेलो तर गुन्हा' अशी जी तुमची भावना आहे तिला निदान कायद्याचा पाठिंबा नाही.

तिसरं, बागेवर स्वतःचे पैसे घातले त्याच्या पावत्या आहेत का?

पडवीतला

वडिलोपार्जित. पावत्या अर्ध्या आहेत. उरलेल्या वाळवीनं खाल्ल्या.

पाच_डझनी

वाळवीला विचारा, तिच्याकडे हिशोब असेल.

रापणकर

मालवणकडचा आहे. आमच्याकडे रापण ओढतात तेव्हा किनाऱ्यावर दोन बाजूंनी दोर धरून माणसं उभी राहतात. जो ओढायला आला त्याला वाटा, जाळ्याचा वाटा वेगळा. मासळी वाळूवर ओतली की सगळ्यांदेखत वाटे पडतात, त्यामुळे कुरकुर झाली तरी तिथल्या तिथे होते. तुमच्या घरात दोर एकटा ओढतोय आणि वाटे तिघांचे, तेही न बोलता. एवढी वर्षं भांडण झालं नाही याचंच मला नवल वाटतं.

हर्णैचा तांडेल

घरच्यांचं चाललंय, मी दोस्तीचं सांगतो.

माझ्या दोस्तानं होडीला नवीन इंजिन घेतलं तेव्हा एका पतसंस्थेत मी त्याला जामीन राहिलो. लहानपणापासूनचा दोस्त. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पहिली दोन वर्षं हप्ते नीट गेले. मग मासळी कमी, डिझेल महाग, आणि त्यात ३ जून २०२० चं निसर्ग वादळ. मासेमारी १ जूनपासून बंदच असते, होड्या शाकारून वर घेतलेल्या, म्हणून होडी वाचली. पण त्याच्या घराचं छप्पर गेलं आणि वाडीतल्या पोफळी मुळासकट आडव्या. नारळ-पोफळी आज लावली तर काही वर्षं वाट बघायची, ते काय भाताचं पीक आहे? हप्ते थांबले. नोटीस मला.

मी भरले. पाटल्या मोडल्या, मुलीला रत्नागिरीच्या कॉलेजात घालायचं होतं ते एक वर्ष पुढे ढकललं. दोस्त हंगाम लागला की थोडे थोडे परत देतो. अजून बरेच बाकी आहेत. पण तो समोरून येताना रस्ता बदलत नाही आणि मीही बदलत नाही. पुन्हा सांगितलं तर पुन्हा सही करीन. विश्वास हा असाच असतो.

केळशीची_सून

तांडेलदादा, तुमच्याबद्दल आदर आहे. पण पाटल्या कुणाच्या होत्या?

हर्णैचा तांडेल

बायकोच्या. तिला विचारलं होतं.

केळशीची_सून

विचारलं होतं की सांगितलं होतं?

हर्णैचा तांडेल

आत्ता घरात विचारलं. म्हणते, सांगितलं होतं.

आंबोळी

😂😂 तांडेल, आज जेवण मिळणार का?

हर्णैचा तांडेल

मिळालं. पण आमटीभात. बांगडा फ्रीजमध्येच आहे.

केळशीची_सून

हसण्यावारी नेऊ नका, मला हेच म्हणायचंय. आपल्याकडे त्यागाची गोष्ट सांगताना एका माणसाचं नाव लागतं, आणि त्यातलं निम्मं भलत्याच माणसाच्या खिशातून गेलेलं असतं.

मुरूड आमच्याच दापोली तालुक्यातलं गाव. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं म्हणून गावानं त्यांना वाळीत टाकलं. पुढे विधवांसाठी आश्रम, १९१६ चं महिला विद्यापीठ, १९५८ मध्ये भारतरत्न, हे आपण शाळेत पाठ केलं. माणूस मोठाच, वाद नाही. पण घरातलं मिळेल ते आश्रमाला जात असताना संसार कसा ओढला हे गोदूबाईंनी, म्हणजे बायांनी, स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. ते पाठ्यपुस्तकात नव्हतं.

पडवीतला, तुम्ही गावात थांबलात तर तुमचं एकट्याचंच सुख जाणार नाही. त्या पुण्यातल्या मुलीचंही जाणार, आणि तिनं तर कुणाला शब्दही दिलेला नाही.

चाकरमानी_६१२

हे पटलं. आमच्या आईनं लालबागच्या खोलीत शिलाई मशीन चालवलं तेव्हा कुठे वडिलांची मनीऑर्डर पुन्हा सुरू झाली. वर मी फक्त वडिलांचं लिहिलं.

कातळशिल्प

सगळे 'जा, जा' म्हणताय म्हणून वेगळं लिहितो. मी थांबलो. स्वखुशीनं. गुहागरजवळ. लग्न झालं नाही, आता पन्नाशीला आलोय. आई माझ्या हातून शेवटचं पाणी पिऊन गेली. भाऊ नाशिकहून पोचेपर्यंत सगळं उरकलेलं. त्याला जे मिळालं नाही ते मला मिळालं. यात कुणी मला 'बिचारा' म्हटलं की डोकं फिरतं. सकाळी उठून मागच्या दारी सुपारी वेचायची, दुपारी झोपायचं, संध्याकाळी बंदरावर. हे सुख नव्हे असं कुणी ठरवलं? पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ते सापडतं का?

सगळ्यांनीच जायचं ठरवलं तर काय होतं ते आमच्या वाडीत बघा. घरांपैकी निम्म्यांना कुलूप, आणि मे महिन्यात चावी हरवली म्हणून कडीचे स्क्रू काढत बसलेली माणसं.

आंबोळी

कातळशिल्प, तुम्ही स्वखुशीनं थांबलात. ते 'दोन वर्षांसाठी' थांबलेत. फरक आहे.

कातळशिल्प

आहे. पण पहिली दोन वर्षं मीही 'तात्पुरता'च होतो.

पाच_डझनी

मला वाटतं बागेचं कुणीच बोलत नाही. बाग एक-दोन हंगामांच्या करारावर देता येते, आमच्याकडे सर्रास देतात. फक्त जपून. करारवाला दोन वर्षांत जेवढं निघेल तेवढं काढायला बघतो आणि कल्टार नावाचं रसायन ओततो. मोहोर लवकर येतो, फळ भरपूर लागतं, पण बेतानं नाही वापरलं तर झाडाची वाढ खुंटते आणि पुढे कलम नुसतं उभं राहतं.

देवगडचो झिलगो

माकडांचा काय? करारात माकडा धरलीत काय? आमच्या बागेत अर्धो माल तेच खातत, दलाली पण मागनत नाय.

पाच_डझनी

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माकडांना ते आधीपासून माहीत होतं.

पेणचा गणपती

गणपती म्हणाल तर दादाला येण्याजाण्याचं आरक्षण मिळतं कसं ते आधी सांगा. आता ६० दिवस आधी बुकिंग उघडतं आणि दोन मिनिटांत वेटिंग. त्याग-बिग नंतर बोलू.

धागापाल

माकडं आणि रेल्वे यांसाठी वेगळे धागे आहेत. विषयाला धरून लिहावे.

शांतादुर्गा_७०

मी इथली म्हातारी. वर सगळं वाचलं. भावाचं झालं, बहिणीचं झालं, होणाऱ्या बायकोचं झालं, माकडांचंही झालं. ज्या माणसासाठी हे सगळं चाललंय त्या आबांना कुणी विचारलंय का? की ते कुंकवाच्या करंड्यासारखे नुसते ठेवलेत देव्हाऱ्यात? मला माझ्या मुलांनी विचारलं नव्हतं. दोघांनी आपापसात ठरवलं, आणि मी एकाकडून दुसऱ्याकडे पार्सल.

पडवीतला

उशिरा उत्तर देतोय. शांताताईंचं वाचून दोन दिवस धीर होत नव्हता, मग परवा संध्याकाळी विचारलंच.

आबा सुपारी कातरत बसले होते. सगळं सांगितलं, तिच्याबद्दल, पुण्याबद्दल, दादाबद्दल. अडकित्ता थांबला नाही. सगळं ऐकून म्हणाले, "मी तुला थांब म्हटलं होतं?"

खरंच नव्हतं म्हटलं. दादानं म्हटलं, मी हो म्हटलं, आणि आबा त्या रात्री आतल्या खोलीत होते.

मग एक गोष्ट कळली जी मला माहीतच नव्हती. आबा लग्नाआधी मुंबईत नोकरीला होते. आजोबांना अर्धांगवायू झाला तेव्हा काकांनी ह्यांना पत्र पाठवून बोलावून घेतलं आणि स्वतः मुंबईला गेले. आबा म्हणाले, "मला परत जायचं होतं. कुणी विचारलं नाही, मी बोललो नाही. तू आलास तेव्हा वाटलं, तुला हवंय म्हणून आलास. तूही बोलला नाहीस." मग अडकित्ता बाजूला ठेवून, "डोंबिवलीला मी येणार नाही. पुण्यालाही नाही. पण तू नसलास तर मी उपाशी मरेन असं वाटत असेल तर तो तुझा मोठेपणा आहे."

मला काय बोलावं सुचेना. राग आला, खरं सांगतो. इतकी वर्षं!

काल रात्री तिघा भावंडांचा फोन झाला. दादा आधी गप्प. मग म्हणाला की त्याला निवृत्त व्हायला अजून तीन वर्षं आहेत, आणि ह्या वेळी तो 'तीन' म्हणतोय ते तारखेसकट. वहिनी मागून म्हणाली, "तारीख मी सांगते, ह्यांचं ऐकू नका." ताई सगळ्यांत जास्त चिडली, पण वेगळ्याच कारणानं. "मला कुणी विचारलंच नाही. मुलं मोठी झाली, मी हिवाळ्याचे दोन-तीन महिने येऊन राहू शकते. घर माझंही आहे ना, की नाही?" सुरंगीताई, तुमची आठवण आली.

तर सध्या असं: मी पुण्याला होय कळवलंय. बाग एका हंगामापुरती शेजारच्या मुलाला करारावर. आबांची एकच अट, कल्टार नाही. बाकी महिने कोण कधी येणार हे अजून ठरायचंय आणि त्यावरून आज सकाळीच दादा आणि ताईचं वाजलं. पुण्याच्या बाजूनं मात्र आनंद आहे.

कातळशिल्प

बरं केलंत. मला पटलं नाही, पण बरं केलंत. पहिल्या पावसात आबा एकटे असतील तेव्हा तुम्हाला झोप लागते का ते कळवा.

पडवीतला

@कातळशिल्प, नाही लागणार. ते आधीच माहीत आहे.

चाकरमानी_६१२

दादाच्या वतीनं मी माझ्या पोरांना आजच विचारतो की मी निवृत्त झाल्यावर गावाला गेलो तर चालेल का. 'आजच जा' म्हणतील अशी भीती आहे.

देवगडचो झिलगो

लगीन खय ता सांग. पुण्याक असला तर जेवण गोड असतला, गावाक असला तर इलंयच समज.

तलाठी_नव्हे_पण

शेजारचा मुलगा कितीही घरचा असला तरी करार तोंडी करू नका. मुदत, रक्कम कधी आणि किती हप्त्यांत, फवारणीचा खर्च कुणाचा, कल्टारची अट स्वच्छ शब्दांत, आणि कलम मेलं तर भरपाई. हे सगळं लिहा.

पडवीतला

मसुदा असेल तर द्याल का?

तलाठी_नव्हे_पण

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मालक म्हणून आबांची सही, आणि खाली संमती म्हणून तुम्हा तिघांचीही घ्या. ताईची धरून.